ऊन कठड्यावर, कुंड्या फरशीवर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशकात पाथर्डी फाट्याजवळ वन बीएचके, तिसरा मजला, हॉलला लागून ४ बाय ९ फुटांची पश्चिमेकडची बाल्कनी. कठडा तीन फूट भरीव भिंतीचा, वर छतापर्यंत ग्रिल. तिथेच वॉशिंग मशीन, कपड्यांची दोरी, सासूबाईंची तुळस आणि मातीच्या ३५ कुंड्या, त्यातल्या निम्म्या मरणपंथाला लागलेल्या. माती माहेरच्या मळ्यातली, काळीभोर, "एक नंबर". खालच्या काकू पाणी गळतं म्हणून दोनदा जिना चढून आल्या. आणि एवढं सगळं सांगून शेवटी तुम्ही विचारलंय की कोणती झाडं लावू, जी जगतील, थोडीफार भाजी देतील, आणि तरी संध्याकाळी आम्हा दोघांना तिथे चहा घेऊन बसता येईल?

मी गेली १७ वर्षं नाशकात फ्लॅटच्या बाल्कन्या लावून देतो. घर मूळचं दिंडोरीकडचं, द्राक्षवाल्यांचं. या अनुभवावर एक सांगतो, "कोणती झाडं" हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. तुमची खरी अडचण वेगळी आहे. ३६ चौरस फुटांकडून तुम्ही चार कामं करून घेताय, धुणं, वाळवण, बाग आणि बसणं, आणि चारही कामं फरशीवरच मांडली आहेत. त्यामुळे माणसाला पाय ठेवायला जागा नाही आणि झाडाला ऊन नाही.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. समोर किती मजली इमारत आहे, वरच्यांचा स्लॅब किती बाहेर आलाय, मशीनचा नळ कोणत्या टोकाला आहे, पाणी महापालिकेचं की बोअरचं. ते तुम्ही पडताळून घ्या. माझं उत्तर त्याप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल.

आधी ऊन. "आमची बाल्कनी पश्चिमेची, ऊन भरपूर" असं सगळेच सांगतात. पण बाल्कनीत ऊन किती, असं विचारून काहीच कळत नाही. बाल्कनीत कुठे किती, ते विचारायचं. तुमच्यासारखीच एक बाल्कनी मी इंदिरानगरला मे महिन्यात खडूने मोजली होती. चार फूट खोल, डोक्यावर दहा फुटांवर वरच्या बाल्कनीचा स्लॅब, तीन फूट भरीव कठडा, समोर मोकळा प्लॉट. दर अर्ध्या तासाने उन्हाची कड जिथे येईल तिथे खडूची रेघ आणि शेजारी वेळ. त्या घरातल्या सहावीतल्या मुलाला सुट्टी होती, त्याने दिवसभर हे काम इमानेइतबारे केलं. भिंतीवर, फरशीवर, एका कुंडीच्या पोटावरसुद्धा रेघा. संध्याकाळी मी गेलो तेव्हा बाल्कनी म्हणजे पाढ्यांची पाटी झाली होती.

त्या रेघांतून निघालं ते असं. कठड्याच्या माथ्यावर दुपारी एकच्या सुमारास ऊन आलं आणि सूर्य कलून जाईपर्यंत राहिलं, म्हणजे साडेपाच तास. मागच्या भिंतीच्या पायथ्याशी साधारण दोन ते चार, दोन तास. आणि कठड्याच्या आतल्या अंगाला, फरशीवर, जिथे आपण सगळे हौसेने कुंड्यांची रांग मांडतो, तिथे जेमतेम पाऊण तास. सूर्य उंच असताना वरचा स्लॅब आडवा येतो, आणि तो खाली येऊ लागला की कठडा आडवा येतो. त्या रांगेच्या वाट्याला मधली फटच तेवढी उरते.

आता तुमच्या कुंड्या आठवा. ३५ पैकी किती त्या रांगेत आहेत? मिरचीला, टोमॅटोला रोज पाच-सहा तास ऊन लागतं. ती पाऊण तासात काय करणार? लांब, फिकट होत ग्रिलकडे मान ताणणार. आपल्याला वाटतं खत कमी पडलं, म्हणून आणखी खत. उपाशी माणसाला जेवणाऐवजी मुखवास देण्यातला प्रकार.

आणखी एक. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, डिसेंबरात तोच दुपारी क्षितिजापासून ४६-४७ अंशांवर, दक्षिणेकडे कललेला. म्हणजे हिवाळ्यात तुमच्या बाल्कनीत ऊन नैर्ऋत्येकडून तिरपं येणार आणि उत्तरेकडच्या टोकावर जास्त पडणार. कठड्याकडे तोंड करून उभ्या राहिलात की उजवा हात उत्तर. तेव्हा झाडांचा मुख्य पसारा उजव्या टोकाला आणि मशीन डाव्या टोकाला. मशीनचा नळ उजवीकडेच असेल तर मात्र हे गणित सोडून द्या. चार मिरच्यांसाठी प्लंबिंग हलवू नका.

आता मांडणी. एखाद्या रविवारी ३५ च्या ३५ कुंड्या हॉलमध्ये काढा. घरातले वैतागतील, एक दिवस सोसतील. मोकळ्या फरशीवर खडूने आखा. डाव्या टोकाला मशीनला दोन फूट. वरून उघडणारं मशीन असेल तर झाकण वर जायला दीड-दोन फूट मोकळे हवेत, त्यामुळे मशीनच्या डोक्यावर कुंड्यांची फळी नको. एका घरात मी ती फळी ठोकून दिली होती आणि दुसऱ्या दिवशी ती काढायला परत गेलो होतो. मशीनशेजारी कठड्याला तीन फुटांचं घडीचं टेबल, बारा इंच रुंद, नको तेव्हा खाली पडणारं. दोन कप आणि चिवड्याची वाटी मावली की झालं. त्यापुढे कठड्याला लागून चार फूट लांब, नऊ इंच रुंद असा लोखंडी अँगलचा स्टँड, तीस इंच उंच. सातपूर-अंबडला फॅब्रिकेशनवाल्यांची काही कमी नाही, माप नेऊन द्या. त्यावर दोन फूट लांबीच्या दोन आयताकृती कुंड्या. तीस इंचांचा स्टँड, वर सात इंचांची कुंडी, म्हणजे मातीचा पृष्ठभाग बरोबर कठड्याच्या माथ्याला येतो. साडेपाच तासांचं ऊन जिथे आहे तिथे झाड. स्टँडखाली झारी, खुरपं, मातीची गोणी.

उजव्या टोकाला तीन पायऱ्यांची घडवंची. वरची पायरी ऊनवाल्यांना, मधली मध्यमांना, खालची सावलीतल्यांना. आठ-नऊ कुंड्या मावतात. मागच्या भिंतीशी एक मोठी कुंडी कढीपत्त्याची, कारण तो उंच होतो आणि स्वतःचं ऊन स्वतः शोधून घेतो. कपड्यांची आडवी दोरी काढून छताला पुलीवर वर-खाली होणारा स्टँड लावा. पॅण्टचे पाय मिरचीच्या रोपावर लोंबकळणं बंद होईल.

कठडा चार फुटांवर आहे, स्टँडने नऊ इंच घेतले, तरी चालायला सव्वातीन फूट उरले. एकूण कुंड्या अकरा-बारा. ३५ वरून बारा म्हटल्यावर तुमच्या पोटात गोळा आला असेल. सगळ्यांच्याच येतो.

लहान मूल असलेल्या घराने इथे थांबून विचार करावा. कठड्याजवळचा कोणताही स्टँड म्हणजे मुलासाठी पायरी. तुमचं ग्रिल छतापर्यंत आहे म्हणून मी हे सुचवतोय. ज्यांचं अर्धवट आहे त्यांनी कठड्याला काही टेकवूच नये. आणि ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला कुंडी टांगायची नाही, कितीही मजबूत हुक मिळाला तरी. सुरुवातीच्या काळात मीच टांगून दिल्या होत्या, रंगीत, बाहेरून फार छान दिसायच्या. मेच्या शेवटी वळवाच्या वाऱ्यात त्यातली एक दुसऱ्या मजल्यावरून सुटली आणि खाली उभ्या स्कूटरच्या सीटवर पडली. पाच मिनिटांपूर्वी त्याच सीटवर वॉचमनचा नातू बसला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी जाऊन उरलेल्या सगळ्या उतरवल्या.

वजनाचंही बघू. घरांच्या बाल्कन्यांसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण ३०० किलोचा भार धरतात. तुमची बाल्कनी ३.३ चौरस मीटर, म्हणजे हिशेबाने हजारेक किलो. ओल्या काळ्या मातीची मोठी कुंडी सहज १८ किलो भरते. ३५ कुंड्यांचे ६३० किलो. मशीन पाण्यासकट शंभरेक. रंगपंचमीला किंवा मिरवणूक बघायला चार मोठी माणसं उभी राहिली की आणखी २६०. झाले ना हजार? लगेच काही कोसळत नाही, पण हाताशी काहीच शिल्लक राहत नाही, आणि मानक पाळून बांधलेल्या धडधाकट इमारतीचा हा हिशेब आहे. इमारत जुनी असेल, स्लॅबच्या खालच्या अंगाला गंजाचे डाग किंवा भेगा दिसत असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, बाग नंतर. जड कुंडी नेहमी घराच्या भिंतीकडे ठेवायची, बाहेरच्या कडेला हलकी.

आता काळी माती आणि खालच्या काकू. या दोन गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या लिहिल्यात, पण दुखणं एकच आहे. आपली काळी माती शेतात सोनं आहे, यात वाद नाही. ती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच. कुंडीत आकसली की ती कडेपासून सुटते. कुंडीची भिंत आणि मातीचा गोळा यांच्यात बोटभर फट पडते. तुम्ही झारीने पाणी घालता, ते या फटीतून सरळ खाली, भोकातून बाहेर, फरशीवर, तिथून काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर. मातीचा गोळा आतून कोरडाच. तुम्हाला वाटतं भरपूर पाणी घातलं, झाडाला वाटतं दुष्काळ आहे, काकूंना वाटतं तुम्ही मुद्दाम करता. खात्री करायची असेल तर मेलेल्या एखाद्या झाडाची कुंडी पाणी घातल्यावर तासाभराने उलटी करा आणि गोळा मधोमध फोडून बघा.

म्हणून मिश्रण बदला. तुमचीच माती, पण वाळवून, फोडून, चाळून एक भाग. एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. हे सगळे भाग घमेल्याने मोजायचे, वजनाने नाही. बारा कुंड्यांना मिळून सव्वाशे लिटरच्या आत मिश्रण लागेल. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजून सत्तर लिटरच्या आसपास फुगते, तेव्हा एक वीट पुरून उरेल. कोकोपीट वापरण्याआधी दोन पाण्यांतून पिळून घ्या, त्यात मीठ असतं. गांडूळखत पंचवीसेक किलो. ओलं झालं तरी हे मिश्रण लिटरला किलोभर भरतं, काळ्या मातीपेक्षा बरंच हलकं.

मोठ्या कुंडीचा तळ भरायला उसाची चिपाडं वापरा. उन्हाळ्यात रसवंतीच्या मागे ढीग पडलेले असतात, मागितली की फुकट देतात. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी चिपाडांवर गच्चीत भाज्या पिकवून दाखवल्या, तेव्हापासून हे अनेकांनी करून पाहिलंय. पण आणल्या आणल्या भरू नका, गोडाला मुंग्या लागतात. पाण्यातून काढून पंधरा दिवस कडकडीत वाळवा, तुकडे करा, मग भरा. कुजत जातील तशी माती खाली बसेल, वरून भर घालत राहा.

ओल्या कचऱ्याचं खत घरीच करा, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. चांगलीच गोष्ट आहे, मीही करतो, पण माझ्याकडे अंगण आहे. ३६ फुटांत, जिथे चहा प्यायचाय आणि खाली काकू आहेत, तिथे पहिल्या वर्षी तरी नको. एकदा जरी बादली बिघडली आणि वास सुटला तर बागेचं नावच घरात निघणार नाही.

पाणी द्यायची पद्धत अशी. कोकोपीट एकदा पूर्ण कोरडं पडलं की तेही पाणी झिडकारतं, म्हणून दोन हप्त्यांत द्या. आधी थोडं, मातीला ओलावा धरू द्या, दहा मिनिटांनी उरलेलं. मेमध्ये दहा इंची कुंडीला रोज लिटरभर लागतं. ३५ कुंड्यांना ते दोन बादल्यांच्या वर जायचं, आता एका बादलीत भागेल, आणि टँकरच्या दिवसांत सोसायटीच्या मीटिंगमध्ये मान वर करून बसता येईल. स्टँडवर जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा उथळ ट्रे करून घ्या, एका बाजूला किंचित उतार, तिथून पाइप बाल्कनीच्या जाळीत. घडवंचीवरच्या कुंड्यांना बशा. बशीत साठलेलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून पुसायचंच. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात आणि त्याला असंच स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं. आणि एकदा खाली जाऊन काकूंना विचारा, कपडे किती वाजता वाळत घालता? त्याआधी पाणी घालून मोकळं व्हायचं. माझ्या अनुभवात निम्मी भांडणं या एका प्रश्नाने मिटतात.

आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालता का? इमारतीत बोअरचं पाणी असेल तर घालू नका. आधीच क्षारांचं पाणी, आरओमधून बाहेर पडताना ते आणखी दाट होतं. कुंडीच्या काठावर पांढरी खपली आणि पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या की समजायचं. फरशी पुसायला वापरा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं.

इथवर झालं की मग झाडं. आधी मनाची तयारी करून घ्या, ३६ फुटांत घरची भाजी होत नाही. गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात जाऊन बघा, हंगामात पालेभाजीची जुडी काय भावाने मिळते ते. त्याच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. बाल्कनीत ते लावावं जे चिमूटभर लागतं, ताजंच लागतं, आणि आणायला खाली उतरायचा कंटाळा येतो. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, पानओवा, मिरची. हे पाच आधी.

पुदिना घडवंचीच्या मधल्या पायरीवर, रुंद पसरट कुंडीत. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्यात मुळं सुटतात. खालच्या पायरीवर अळू आणि पानओवा, त्यांना कमी उन्हात भागतं. वरच्या पायरीवर गवती चहा. कठड्याजवळच्या स्टँडवरच्या दोन लांब कुंड्यांपैकी एकीत तीन मिरच्या. एप्रिल-मेमध्ये फुलं गळतील, घाबरू नका, पारा ३८-४० ला गेला की मिरची फुलं टाकतेच. पाऊस पडला की पुन्हा धरेल. दुसऱ्या कुंडीत हंगामाप्रमाणे पालेभाजी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मेथी, पालक, कोथिंबीर. धणे पेरण्याआधी लाटण्याखाली हलकेच रगडून दोन फोडी करा. मेथी पंचवीस-तीस दिवसांत हाताशी येते, दोन माणसांच्या पराठ्यांपुरती. उन्हाळ्यात तिथेच माठाची पालेभाजी, आणि एका कोपऱ्यातून मायाळूचा वेल ग्रिलवर चढवा. पश्चिमेचं ऊन तो मजेत खातो, बसायच्या जागेला आडोसा करतो आणि पावसाळ्यात भज्यांना पानं देतो. टोमॅटो लावायचाच असेल तर एकच लावा, छोट्या फळांचा. कोबी, फ्लॉवर, दुधी यांच्या वाटेला जाऊ नका.

नाशिककर असल्यामुळे पुढचा प्रश्न येणारच, द्राक्षाचा वेल लावू का? दर दोन घरांमागे एक जण विचारतो. वेल वाढेल, सुंदर वाढेल. घड येणार नाहीत. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी काडी वाढते, तिच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो आणि त्या वेळी काडीला भरपूर मोकळं ऊन लागतं. मग ऑक्टोबरची फळांसाठीची गोडी छाटणी, भुरी-डावणीसारखे रोग, फवारण्या. माझे वडील या वेलापायी चाळीस वर्षं नीट झोपले नाहीत, तुम्ही कशाला मागे लावून घेता? पानांच्या सावलीसाठी हौस म्हणून लावा, घडांची वाट बघू नका.

यातूनच एक सावधगिरी. नाशकात प्रत्येकाचा एक मामा किंवा मेहुणा द्राक्षवाला असतो आणि तो प्रेमाने उरलेल्या औषधाची बाटली देतो. "थोडंसं फवार, सगळं साफ." ते बाल्कनीत नको. बागेत फवारल्यावर फळ काढण्याआधी किती दिवस थांबायचं याचं कोष्टक असतं. तुम्ही पुदिना रोज तोडणार, वर कपडे वाळणार, बाजूला चहा ठेवणार. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला, बहुतेक फेब्रुवारीनंतर जास्वंदीवर दिसतोच, तर जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा. मावा ही बारीक कीड असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, दोन थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. मुंग्यांची रांग दिसली तर तिचा माग काढा, कारण मावा आणि पिठ्या जपून वाढवण्यात त्यांचाच हात असतो.

पश्चिमेच्या उन्हाला उन्हाळ्यात आवर घालावा लागतो. पन्नास टक्क्यांचं हिरवं शेडनेट ग्रिलला आतून, पडद्यासारखं सरकणारं. गुढीपाडव्याला चढवायचं, मृगात उतरवायचं. वर्षभर बांधून ठेवणारे पुष्कळ आहेत, मग थंडीत मेथी पिवळी का पडते म्हणून विचारतात. आणि काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या कठड्याजवळ नकोत, दुपारी मुळं शिजतात. फिकट रंगाच्या घ्या.

तुळशीबद्दल तुम्ही लिहिलंय की दर थंडीत मरते आणि सासूबाईंना अपशकुन वाटतो. त्यांना सांगा, नाशकात थंडीत पारा दहाच्या खाली जातो आणि तुळस उबेतली. ती पानं टाकते, काड्या उरतात. आपण घाबरून पाणी वाढवतो आणि तिथे ती खरोखर मरते, मुळं कुजून. डिसेंबर-जानेवारीत माती बोटाला कोरडी लागेपर्यंत पाणी नको, पूजेचं पाणी पळीभरच. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा. तुळशीच्या लग्नानंतर त्यातलं बी कागदात बांधून ठेवा आणि फेब्रुवारीच्या शेवटी पेरा. कुंडीतली तुळस दोन-तीन वर्षांचीच असते, पुढची तयार असली की घरात कोणी धास्तावत नाही. तिची जागा घडवंचीच्या वरच्या पायरीवर. सासूबाईंच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंयच, त्यांना वाकावं लागणार नाही.

उरलेल्या २३ कुंड्यांचं काय? मेलेल्यांची माती चाळून मिश्रणात वापरा. जगणाऱ्यांपैकी सावलीतली दोन हॉलच्या खिडकीशी घ्या, मनी प्लांट वगैरे. त्याने हवा शुद्ध होते हे मनातून काढा, दोन कुंड्यांनी खोलीची हवा बदलत नाही, डोळ्यांना बरं वाटतं एवढंच आणि तेवढं पुरे आहे. बाकीची सोसायटीच्या पार्किंगजवळच्या पट्ट्यात द्या, सेक्रेटरींना विचारून.

खरेदीची घाई नको. आधी खडू, मग फॅब्रिकेशनवाला, मग मिश्रण आणि गंगापूर रोडच्या किंवा मखमलाबादच्या नर्सरीत जायचं ते सगळ्यात शेवटी, यादी हातात धरून. यादीशिवाय नर्सरीत गेलात तर ३५ व्हायला सहा महिने लागणार नाहीत, हे मी स्वतःच्या घरावरून सांगतो.

आणि चहाचं. टेबलाच्या बिजागऱ्या स्टीलच्या घ्या, पाऊस आपल्याकडे पश्चिमेकडूनच झोडपतो, लोखंडी असल्या तर दुसऱ्या पावसाळ्यात टेबल उघडणार नाही. एप्रिल-मेमध्ये साडेसहाच्या आत तिथे बसवणार नाही, कठडाच चटके देतो. घडवंची, स्टँड आणि फरशीवर सहा वाजता बादलीतलं पाणी शिंपडून ठेवा, मग खुर्च्या टाका.